सव्वानऊ ते साडेतीन

“शैलाताई, नाना हल्ली सकाळचे फिरायला दिसत नाहीत ते?”

“कसे दिसतील? सव्वानऊला बाजार उघडतो ना! आंघोळ, पूजा, नाश्ता त्याच्या आत उरकायचं आणि मोबाइल घेऊन झोपाळ्यावर बसायचं. साडेतीनला बाजार बंद झाला की मग जेवण आठवतं. नानी म्हणत होत्या, हापिसात असताना माणूस एवढा वेळ पाळत नव्हता.”

वहिनी कुंपणाला टेकल्या. म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मलाही काही घाई नव्हती.

“पण त्यांनी तर सगळं विकून टाकलं होतं ना?”

“तीच तर गंमत! २०२५ च्या ७ एप्रिलला, ट्रम्पच्या टॅरिफच्या त्या सोमवारी, सेन्सेक्स उघडल्या उघडल्या ३,९०० अंकांच्या आसपास आपटला. नानांची ग्रॅच्युइटी, पीएफ, सगळं इक्विटी फंडांत. दहाच्या आत विकायचा अर्ज ठोकून मोकळे. आता म्युच्युअल फंडात तीनच्या आत अर्ज गेला तर भाव मिळतो दिवसअखेरचा. तोवर बाजार सावरून घसरण २,२२६ वर आलेली. म्हणजे घाबरले सकाळच्या भावाला, पैसे मिळाले संध्याकाळच्या.”

“मग वाचलेच की!”

“कसले वाचताय! मेच्या मध्याला सेन्सेक्स ८२,००० च्या वर गेला आणि नाना पुन्हा आत शिरले. विकलं ७३,००० ला, घेतलं ८२,००० ला. वर नफ्यावर साडेबारा टक्के कर, सव्वा लाखाची सूट जाऊन.”

मला विचाराल तर नानांचं चुकलं ते ७ एप्रिलला नव्हे, रिटायर झाले त्याच महिन्यात. वहिनींना मी तसं सांगितलंही. कुणा एजंटाच्या सांगण्यावरून त्यांनी एसडब्ल्यूपी लावली होती, दरमहा ४०,००० खात्यात.

“त्यात वाईट काय? पेन्शनसारखंच झालं.”

“पेन्शन सरकार देतं, हे स्वतःचंच विकून खाणं. युनिटचा भाव १०० असताना ४०,००० साठी ४०० युनिट जातात. भाव ८० वर आला की ५००. बाजार पुढे वर गेला तरी ती जास्तीची १०० परत येतात का? पगार चालू असताना हीच घसरण पथ्यावर पडते, एसआयपीला युनिट जास्त मिळतात. पगार थांबला की तीच अंगावर येते.”

वहिनींनी बोटांवर हिशोब केला. दोनदा केला.

“नानी मात्र पक्क्या,” मी म्हटलं. “माहेरच्या जमिनीचे ३० लाख आले, ते कुणाला न विचारता पोस्टात, ज्येष्ठ नागरिक योजनेत. ८.२ टक्के, पाच वर्षं दर हलत नाही. १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी. दर वेळी ६१,५०० जमा. हल्ली नाना दुधाचे पैसे नानींकडे मागतात म्हणे.”

“अगंबाई! मग सगळ्यांनी सगळंच पोस्टात ठेवावं.”

“नको हो. पोस्टाच्या काउंटरवर जन्म गेला माझा, तरी सांगते, नको. पाच वर्षांनीही हातात ६१,५००च येणार. डॉक्टरची फी तेवढीच राहते का? निदान तीन वर्षांचा घरखर्च बाजाराबाहेर हवा, उरलेलं खुशाल बाजारात असू दे.”

“तीनच का?”

“२००८ च्या जानेवारीत २१,००० ला टेकलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्या घरात आला होता. पुन्हा २१,००० दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. तेवढी वर्षं पोळीभाजीसाठी काही विकावं लागू नये, एवढंच. आणि बाहेरचंही एका बँकेत कोंबायचं नाही. विमा असतो पाच लाखांचा; २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांची काय तारांबळ उडाली, विसरलात?”

वहिनी एकदम गप्प झाल्या. हे त्यांच्या स्वभावात नाही.

“काय हो, भाऊजींचं कुठे असतं सगळं?”

“मला कुठे सांगतात! परवा फोनवर कुणाला तरी म्हणत होते, डिप आलाय, एफडी मोडायला हरकत नाही.”

“कुणाची एफडी?”

“तेच विचारायला चालले.”