सॅल्मनचं स्थळ

अहो, जरा कुंपणापाशी या ना. ऐकलंत का? समोरच्या वहिनींकडे परवा सॅल्मन झाला! सुनेनं केला. नॉर्वेचा हो, विमानानं येतो तो. किंमत तर… जाऊ दे, मला सुरमई स्वस्त वाटायला लागली.

मी आपली वाटी परत द्यायला गेले, तर बसवूनच घेतलं. वहिनी पडल्या मालवणच्या. तो केशरी तुकडा बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ह्याला रंग फासलाय का गं?" सुनेचा चेहरा असा पडला म्हणून सांगू!

तुम्हाला म्हणून सांगते, वहिनी अगदीच चुकल्या नव्हत्या. समुद्रात मोकळा फिरणारा सॅल्मन कोळंबीसारखे बारीक जीव खातो, रंग त्यातून येतो. पाळलेल्याच्या खाद्यात तेच रंगद्रव्य, अ‍ॅस्टाझँथिन म्हणतात ते, मुद्दाम घालतात, नाहीतर मांस फिकट राखाडी दिसायचं. बिचाऱ्या सुनेला काय ठाऊक!

तर काय सांगत होते… हां, मुलगा आला बायकोच्या मदतीला. म्हणे, "आई, जपानी लोक तर पिढ्यान्‌पिढ्या सुशीत कच्चा खातात." मी गप्प बसले हो. पण खरं प्रकरण वेगळंच आहे. जपानी लोक सॅल्मन खायचे, पण खारवून, भाजून. त्यांच्याकडच्या सॅल्मनमध्ये जंत, कच्चा कोण खाणार? नॉर्वेवाले 1980 च्या दशकात हे स्थळ घेऊन गेले, तर जपान्यांनी अगदी मुलगी बघितल्यासारखी नावं ठेवली. रंग बरोबर नाही, वास वेगळा, डोक्याचा आकारसुद्धा पसंत नाही! आमचा मासा खाद्याच्या गोळ्यांवर वाढतो, त्यात जंत नाहीत, हे सांगून सांगून नॉर्वेवाले थकले. तिकडे घरी माल पडून. शेवटी जपानच्या निचिरेई कंपनीनं 5000 टन घेतला, तोही स्वस्तात. पण ओल्सेन म्हणून नॉर्वेवाल्यांचा माणूस भारी खमक्या, म्हणाला सुशीसाठीच विकायचा, भाजायला नाही. आणि आता बघा, फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीत पोरं आधी सॅल्मनच उचलतात. नावं ठेवणाऱ्यांचे चेहरे बघायला हवे होते…

बरं, इकडे काय झालं? सुनेनं नुसतं मीठ, मिरी, लिंबू लावून कातडीची बाजू तव्यावर टाकली. तेल जेमतेम थेंबभर, पण माशाचीच चरबी सुटून चर्र आवाज! तुकड्याच्या कडेनं पांढरे मणी फुटायला लागले तशी तिनं पटकन गॅस बंद केला. तेवढं कळतं हो तिला. पुढं गेला की कोरडा पडतो.

वहिनींची तक्रार वेगळीच. "काटा नाही, मग चोखायचं काय?" सून म्हणाली, "आई, ओमेगा थ्री असतं, व्हिटॅमिन डी असतं, आठवड्यातून दोनदा मासे खावेत म्हणतात." वहिनी फटकन, "मग बांगडा काय वाईट?" आता ह्यावर बोलणार काय? बांगड्यातही ओमेगा थ्री भरपूर. सून परत गप्प.

पण कुरकुरीत कातडी नातवानं ताटात बाजूला काढली ना, ती कुठे गेली ते मी पाहिलंय. वहिनींच्या तोंडात!

आता येत्या रविवारी सॅल्मनचं तिकलं करायचं म्हणे. तिरफळं वहिनी काढून देणार. एवढा महागाचा मासा आणि त्याला तिरफळं! कुणाला बोलू नका हं.