एका ‘अ’ची किंमत

चाळीस वर्षं मी मुलांना व्याकरण शिकवलं. शब्दाच्या आधी ‘अ’ लागला की अर्थ उलटतो, हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले. न्याय, अन्याय. ज्ञान, अज्ञान. पण ‘अ’ची खरी ताकद कळली ती निवृत्तीनंतर, कोर्टाच्या कँटीनमध्ये. माझा एक जुना विद्यार्थी आता फौजदारी वकील आहे. कटिंग पुढे सरकवत तो म्हणाला, “सर, आमच्याकडे ‘अ’ शेवटी लागतो. आणि लागला की शिक्षेतली आठ वर्षं उडतात.”

जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 304 म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या हातून माणूस मरू शकतो याची जाणीव असताना केलेलं कृत्य, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. कलम 304-अ म्हणजे निष्काळजीपणा. शिक्षा फार तर दोन वर्षं, आणि जामीन पोलीस ठाण्यातच, चहा गार व्हायच्या आत.

“म्हणजे सगळा वाद जाणीव आणि अजाणतेपणाचा?” मी विचारलं.

“शंभर मार्क, सर.”

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचंच घ्या. महाराष्ट्रात दारू प्यायलाही परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, आणि व्हिस्की-रम प्यायला पंचवीस वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे दारू हे काही सरबत नव्हे, हे सरकारला माहीत आहे. ग्लास भरणाऱ्या वेटरला माहीत आहे. झोकांड्या खाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात अदबीने किल्ली ठेवणाऱ्या पोऱ्यालाही माहीत आहे. माहीत नसतं ते फक्त स्टिअरिंगमागे बसलेल्याला. त्याची जाणीव शोधायला मग तीन-तीन कोर्टं बसतात.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मोटार फुटपाथवर चढली. तिथे मजूर झोपले होते. सात गेले. सत्र न्यायालयाने ‘अ’ लावून सहा महिने दिले. व्याकरणाचा मास्तर असूनही मी भागाकार केला: माणशी जेमतेम सव्वीस दिवस. उच्च न्यायालयाने ‘अ’ खोडला, तीन वर्षं दिली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दिल्लीत 1999 च्या जानेवारीत बीएमडब्ल्यूखाली सहाजण गेले, त्यांत पोलीसही होते. तिथे तर वाचलेल्या माणसालाच साक्षीच्या वेळी आठवलं की आपल्याला धडकला तो ट्रक होता! तरी शेवटी ‘अ’ तिथूनही गेला. गेला, पण तेरा वर्षांनी, आणि आरोपीने तोवर भोगलेली दोन वर्षं पुरेशी मानून.

साक्षीदार माणूस असला तर फितूर व्हायला निदान पैसे तरी मागतो. रक्त फुकटात फितूर होतं. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा. पण तासागणिक पंधरा-वीस मिलिग्रॅम आपसूक उतरतं, कोणाच्या ओळखीपाळखीशिवाय. त्यामुळे अशा तपासात घाई करायची असते ती पोलिसांनी, आणि दमाने घ्यायचं असतं ते आरोपीने. वरळीत जुलै 2024 मध्ये मासे घेऊन निघालेल्या जोडप्याच्या स्कूटरला मोटारीने उडवलं. बाई फरफटत गेली, मेली. आरोपी सापडला तिसऱ्या दिवशी. तोवर कोणाचंही रक्त इंद्रायणीपेक्षा तरी निर्मळ झालेलं असतं.

पुण्याच्या कल्याणीनगरची बातमी वाचली तेव्हा मात्र माझ्यातला मास्तर भरून पावला. 19 मे 2024, पहाट, कोट्यवधींची पोर्शे, जिच्या नोंदणीचं 1,758 रुपये शुल्क भरायचं राहून गेलेलं. दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडीत सतरा वर्षांचा मुलगा. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध! माझ्या वर्गात निबंधाला दहा गुण असायचे, त्यांतलेही मी सातच देत असे. निबंधावर माणूस घरी जाऊ शकतो हे ठाऊक असतं तर मुलांनी ‘माझा आवडता ऋतू’ काय जीव ओतून लिहिला असता!

गुन्ह्याला आधी 304-अ लागलं, मग 304. रक्ताचं मात्र वेगळंच झालं. पोलिसांचा आरोप असा की ससून रुग्णालयात मुलाचा नमुना कचऱ्यात गेला आणि नळीत आलं आईचं रक्त. खटला चालू आहे, खरंखोटं कोर्ट ठरवील. माझी अडचण निराळी आहे. ‘रक्ताचं पाणी करणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी यापुढे कसा सांगू? पुढे 2025 मध्ये बाल न्याय मंडळाने त्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायला नकार दिला. ‘अल्पवयीन’मधला ‘अ’ हा काही उपसर्ग नव्हे, पण कामाला तोही येतो.

“आता तर ‘अ’ राहिलाच नाही, सर,” वकील म्हणाला. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सदोष मनुष्यवध 105, निष्काळजीपणा 106, शिक्षा दोनाची पाच वर्षं. धडक देऊन न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांचं पोटकलमही छापलं. पण त्याआधी जानेवारीतच ट्रकवाल्यांनी संप केला, आणि बाकी कायदा लागू झाला तेव्हा ते तेवढं मागे ठेवलं. संस्कृतात अवग्रह असतो ना, तसं: लिहायचं, उच्चारायचं नाही.

मी सलमान खान खटल्याचं विचारलं. अपघात 2002 चा, एक गेला, चार जखमी. 2015 मध्ये ड्रायव्हरने कोर्टात सांगितलं, गाडी मी चालवत होतो. सत्र न्यायालयाने मे महिन्यात पाच वर्षं दिली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. गाडी सलमानच चालवत होते हे सिद्ध झालं नाही.

“मग चालवत कोण होतं?”

उत्तर यायच्या आत त्याचा फोन वाजला. पलीकडे कोणी घाबरंघुबरं बोलत होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “गाडी कोण चालवत होतं ते नंतर बघू, शेठ. आधी सांगा, घरी ड्रायव्हर आहे का?”