गुंड्याला सोबत

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. ते चार वेद, असं आजी सांगायची. पायाशी चौघं गुण्यागोविंदानं बसलेली, मागं गाय, वर औदुंबर. लहानपणापासून ही तसबीर देवघरात बघत आलोय, पण पहिल्या वेदानं दुसऱ्या वेदाला घरात कसं येऊ दिलं, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नव्हता. चारही एकदमच आली असणार. तसं असेल तर प्रश्नच मिटला. आमच्याकडे एक आधीपासून होतं.

त्याचं नाव गुंड्या. पांढरा, झुपकेदार शेपटीचा. आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरेनियन म्हणतात आणि जो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, तो. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं क्रिकेटच्या मॅचला पंचगिरी केली आणि ही जात मध्यमवर्गीय सोफ्यावर कायमची बसली. आमच्या सोफ्याची उजवी बाजू गुंड्याची. साडेसातची मालिका तो आईबरोबर बघे. पोळीला तूप नसेल तर हुंगून बाजूला होई. रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की मान वळवून माझ्याकडे बघे. ‘कुठल्या वस्तीत राहायला आणलंत मला’ असा भाव. आपण कुत्रा आहोत हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आम्हीही सांगितलं नव्हतं.

तरी येणारा-जाणारा म्हणायचा, “एकटा पडत असेल हो. सोबत आणा त्याला.” सोबत या विषयावर ज्याला विचारायला हवं, तो सोडून बाकी सगळ्यांचं यावर एकमत होतं.

ठकी पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडली. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला, पोट जंतांनी टम्म. “पाऊस थांबेपर्यंत ठेवू,” ही म्हणाली. पाऊस दसऱ्याच्या सुमारास थांबला.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन सूचना दिल्या. पहिली: दोघांची गाठ घरात घालू नका, घर गुंड्याचं आहे, बाहेर, कुणाच्याच हद्दीत नसलेल्या जागी घाला. दुसरी: लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर जमिनीवर टेकवू नका, पार्व्हो होईल. म्हणजे भेट बाहेर व्हावी, पण पिल्लानं बाहेर जाऊ नये. शिवाय आल्या आल्या दोन आठवडे ते वेगळं ठेवायचं, म्हणजे त्याचा काही आजार असेल तर गुंड्याला लागणार नाही. लसीचं वेळापत्रक बघितलं तर पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर दर तीन-चार आठवड्यांनी टोचायचं, मग रेबीजची. तोवर थांबायचं म्हटलं तर बाथरूम कायमची ठकीच्या नावावर करावी लागली असती.

त्या दोन आठवड्यांत आम्ही सगळे आंघोळीला शेजारी गेलो. गुंड्या बाथरूमच्या दाराबाहेर बसून राही. दाराखालच्या फटीला त्याचं नाक, आतून त्या फटीला तिचं नाक. एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी आम्ही एक दिवस त्याच्याखाली, एक दिवस तिच्याखाली घालायचो. त्यानं ती पहिल्यांदा हुंगली, तेव्हा शिंकला. नंतर तिच्यावर तीन गिरक्या घेऊन झोपला. आम्हाला फार आशा वाटली.

आता भेटीची जागा. आमच्या भागात गुंड्यानं सही केली नाही असा विजेचा खांब नाही. खूप विचार केल्यावर गच्ची सुचली. एका उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कुरडयांच्या बाबतीत काही घडल्यापासून गुंड्याला गच्चीवर मज्जाव होता. रस्त्यावरची कुत्री तिथं चढत नाहीत. हाच आपला बेवारस प्रदेश.

फरशी फिनेलनं धुतली. एका पट्ट्यावर मी, एका पट्ट्यावर ही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोघांना समोरासमोर न आणता, अंतर ठेवून, एकाच दिशेनं चालवत राहिलो. टाकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून टाकीपर्यंत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडलेले दोन सभासद दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघावेत, तसे. हळूहळू अंतर कमी केलं. गुंड्यानं तिला मागून हुंगलं, बाजूनं हुंगलं. ठकीनं पुढचे पाय कोपरापर्यंत फरशीला टेकवले, मागचा भाग वर, शेपटीचा नुसता पंखा. ‘चल, खेळ’ म्हणायची कुत्र्यांची ही जगभरची रीत. गुंड्याला ती कळली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ती त्याच्या शेपटीला लोंबकळली आणि तो गुरगुरला. जन्मात पहिल्यांदा.

मी ओरडणार होतो, पण डॉक्टरांनी बजावलं होतं: गुरगुरण्याला रागावू नका. ती आगाऊ सूचना असते. ती दाबली की कुत्रं सूचना न देता चावायला शिकतं. आईला हा नियम इतका पटला की तिनं तो घरात सरसकट लागू केला. तेव्हापासून मी कशावरूनही कुरकुरलो की ती हिला सांगते, “बोलू दे त्याला. दाबू नकोस.”

खाण्याच्या वाट्या वेगळ्या खोल्यांत ठेवल्या, कारण बहुतेक मारामाऱ्या तिथंच होतात म्हणे. पिल्लाला दिवसातून चारदा, मोठ्याला दोनदा. या हिशोबानं तिच्या चार वेळांना गुंड्या बंद दाराबाहेर रडू लागला. जो प्राणी तुपाविना पोळीकडे बघत नव्हता, तो आता तिची वाटी चाटायला मिळावी म्हणून दारावर पंजे घासतो. अंगावर मांस चढलं. डॉक्टरांनी त्याचा भात निम्मा केला.

सोसायटीत निराळंच. “तुमची परवानगी एकाची आहे,” सेक्रेटरी म्हणाले. मी अॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक काढून दाखवलं. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. “पण यात दोन असा आकडा कुठाय?” युधिष्ठिराला एका कुत्र्यापायी स्वर्गाच्या दारात इंद्राशी हुज्जत घालावी लागली. दोन असती तर अठरा पर्वांत भागलं नसतं.

तोवर तक्रारीला कारणही मिळालं होतं. गुंड्या बेल वाजली की भुंकायचा, तेवढंच. ठकीनं ते त्याच्याकडून उचललं आणि त्यात स्वतःची भर घातली: कुकरची शिट्टी, घंटागाडी, समोरच्या गच्चीवरचं कबुतर, आईची जांभई. आता ती सुरुवात करते आणि तो, कशासाठी ते न विचारता, साथ देतो.

खरा घाव वेगळाच आहे. गुंड्याला वाढवून वाढवून आम्ही त्याचा माणूस केला होता. या पोरीनं पावसाळा सरायच्या आत त्याचा कुत्रा केला. तो आता फरशीवर लोळतो. तुळशीच्या कुंडीत उकरतो. त्याला ते कुणी शिकवलं हे उघड आहे. भर मालिकेत ठकीनं पुढचे पाय टेकवले की उठून जातो, आई एकटीच बघत बसते. रस्त्यातल्या कुत्र्यांपुढे थांबतो, विचारपूस करतो. पूर्वी घरात पाच माणसं होती, त्यातलं एक केसाळ. आता चार माणसं आहेत आणि पलीकडे एक पक्ष आहे, त्याच्या बैठका होतात. परवा मी सोफ्याच्या उजव्या बाजूला बसलो तर दोघंही माझ्याकडे बघू लागली. मी उठलो.

गावाला जायचं तर पंचाईत. पूर्वी बहीण गुंड्याला आनंदानं ठेवून घ्यायची. आता म्हणते, “एक आण.” एकदा ठकीला नेऊन सोडलं. गुंड्यानं रात्रीचं जेवण टाकलं, सकाळचं टाकलं, आणि बाथरूमच्या दाराच्या फटीला नाक लावून बसला. संध्याकाळी तिला परत आणलं. आल्या आल्या त्यानं तिच्यावर गुरगुरून घेतलं.

येत्या मे महिन्यात साताऱ्याला भाच्याचं लग्न आहे. आम्ही पाळ्या लावल्यात. सीमांतपूजन आणि हळद हिच्याकडे, अक्षता आणि जेवण माझ्याकडे. आई म्हणते मी दोन्हीला जाणार. आहेर कुणी करायचा ते अजून ठरलेलं नाही.