तीस वर्षांत गोलकीपर

'तीस दिवसांत इंग्रजी' शिकवणारी पुस्तकं रेल्वेच्या फलाटावर ढिगानं मिळतात. आमचा अभ्यासक्रम तीस वर्षांचा आहे, कारण आम्ही विद्यार्थ्यांशी खोटं बोलत नाही. तो मनापासून पुरा केलात तर तुम्ही इंग्लंडमधले फिरते गोलकीपर व्हाल आणि पुढे गुडघ्यांनी राजीनामा दिला की आपोआप गोलकीपरांचे प्रशिक्षक व्हाल. मधल्या काळात पंचवीसेक क्लबांच्या जर्सी जमतील. त्यांतल्या निम्म्या धुवाव्याही लागणार नाहीत.

१. आधी जागा किती आहेत ते पाहा.

प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, खालच्या तीन विभागांत मिळून बहात्तर. झाले ब्याण्णव. प्रत्येक संघात अकरा जण खेळतात, पण हातमोजे एकाच्याच हातात. म्हणजे अख्ख्या देशात या पदाच्या ब्याण्णव जागा, आणि प्रत्येक जागेवर आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेला. आघाडीचा खेळाडू दमतो, सत्तराव्या मिनिटाला बाहेर येतो, दुसऱ्याला संधी मिळते. गोलकीपर दमत नाही. त्याला लाल कार्ड तरी दिसावं लागतं, नाहीतर स्ट्रेचर तरी यावं लागतं. तेव्हा तुमचं करिअर दुसऱ्याच्या करंगळीवर उभं आहे हे पहिल्या दिवशीच समजून घ्या. रोज सकाळी त्याच्या तब्येतीची चौकशी करा. आवाजात आशा डोकावू देऊ नका.

२. गुरू नीट निवडा.

आमची शिफारस जॉन बरिज. जन्म १९५१, इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या वर्किंग्टन भागात. तिथल्याच वर्किंग्टन क्लबात त्यांनी सुरुवात केली. त्या क्लबाला १९७७ साली मतदान घेऊन लीगमधून बाहेर काढलं. तोवर बरिज केव्हाच पुढच्या गावी पोचले होते. या धंद्यात कधी निघायचं हे कळणं ही निम्मी विद्या. ब्लॅकपूल, ॲस्टन व्हिला, क्रिस्टल पॅलेस, क्वीन्स पार्क रेंजर्स, वुल्व्ज, शेफील्ड युनायटेड, साउदॅम्प्टन, न्यूकॅसल, हिबर्नियन... यादी इथे संपत नाही, आम्ही थांबवतो. ते पंचवीसहून जास्त क्लबांकडून खेळले. १४ मे १९९५ रोजी मँचेस्टर सिटीच्या गोलमध्ये उभे राहिले तेव्हा त्यांचं वय होतं ४३ वर्षं १६२ दिवस. प्रीमियर लीगमध्ये खेळलेला सर्वांत वयस्कर खेळाडू हा मान आजही त्यांच्याच नावावर आहे. या वयात आपल्याकडचा माणूस जिना चढून आल्यावर पाणी मागतो.

त्यांना काही मिळालंच नाही असं समजू नका. १९७७ चा लीग कप त्यांनी व्हिलाकडून जिंकला. एव्हर्टनविरुद्धचा तो अंतिम सामना निकाली लागायला दोनदा पुन्हा खेळावा लागला होता. वयाची चाळिशी गाठता गाठता १९९१ साली हिबर्नियनकडून स्कॉटलंडचा लीग कपही त्यांनी मिळवला. दोन करंडकांमध्ये चौदा वर्षं. चिकाटी ठेवा.

३. घरच्यांना कामाला लावा.

बरिज झोपतानाही हातमोजे घालत. टीव्ही पाहत बसले असताना बायकोनं अचानक अंगावर फळं फेकायची आणि त्यांनी ती झेलायची, असा त्यांचा घरगुती सराव. तुम्हीही सुरू करा, पण लग्नाआधी मुलीच्या घरच्यांना कल्पना द्या. संत्र्यापासून सुरुवात करावी. फणस हा पुढच्या इयत्तेचा विषय आहे.

सामन्याआधी कोलांट्या मारा, प्रेक्षकांना हसवा. क्रिस्टल पॅलेसकडून खेळताना संघ निवांत आघाडीवर आहे असं पाहून बरिज गोलच्या आडव्या दांडीवर जाऊन बसले होते. ती जमिनीपासून २.४४ मीटर उंच असते. चढता येत असेल तरच बसा. उतरता येत असेल तर उत्तमच.

४. उसने जायला शिका.

लोनवर जाणं हा या विद्येचा गाभा आहे. तुमचा क्लब तुम्हाला खेळवत नाही, पण सोडतही नाही. दुसऱ्या क्लबाचा गोलकीपर पडला की तुम्हाला तिकडे पाठवतो, आणि तो उठून बसला की परत मागवतो. खालच्या विभागांत तर सात दिवसांसाठी तातडीनं गोलकीपर उसना घेता येतो. एवढ्या मुदतीत बचावपटूंची नावंही पाठ होत नाहीत. "अरे, ए, उंच!" असं ओरडायची सवय करा.

या कलेचे सम्राट एरिक निक्सन. १९८६-८७ च्या एकाच मोसमात ते इंग्लंडच्या चारही विभागांत खेळले. मूळ क्लब मँचेस्टर सिटी, पहिल्या विभागातला. तिथून उसनवारीवर वुल्व्ज, ब्रॅडफर्ड सिटी, साउदॅम्प्टन, कार्लाइल. लोकांना चारही विभाग फिरायला आयुष्य लागतं आणि तेही बहुतेक वरून खाली. निक्सननी ऑगस्ट ते मे यात दौरा उरकला. घर भाड्यानं घेण्याच्या भानगडीत पडू नका. गाडीची डिकी मोठी असली की भागतं.

५. एकदा तरी गोल करा, पण त्याच्या जिवावर संसार मांडू नका.

८ मे १९९९. कार्लाइल लीगच्या अगदी तळाशी. क्लबाकडे धड गोलकीपर नाही, बदल्यांची मुदत संपलेली, म्हणून खास परवानगी काढून स्विंडनचा जिमी ग्लास उसना आणलेला. तिसराच सामना. भरपाई वेळेतलं चौथं मिनिट, प्लिमथशी १-१ बरोबरी, कॉर्नर मिळालेला. ग्लास आपला गोल उघडा टाकून पलीकडे धावत गेला, सुटलेला चेंडू त्याच्या पायाशी आला आणि त्यानं तो जाळ्यात घातला. कार्लाइल वाचलं, स्कारबरो लीगबाहेर गेलं. लोक मैदानात घुसले.

आता तुम्ही विचाराल, मग क्लबानं त्याला कायमचा ठेवून घेतला असेल? किती भाबडे आहात. काही वर्षांत ग्लासनं व्यावसायिक फुटबॉल सोडला आणि पुढे टॅक्सी चालवली. प्रवासी ओळखत असतील तर निदान भाड्यावरून वाद घालत नसावेत.

६. दुखापत घरी करून घ्या.

मैदानावर जखमी होणं हौशी लोकांनी करावं. व्यावसायिक माणूस स्वयंपाकघरात जखमी होतो. डेव्ह बीझंट यांचंच पाहा. १९८८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात विम्बल्डनचे कप्तान म्हणून त्यांनी लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप अंतिम सामन्यात असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. पुढे १९९३ मध्ये फळीवरून सॅलड क्रीमची बाटली निसटली आणि त्यांनी ती पायानं अडवली. पाय जायबंदी. अंगात मुरलेली सवय आडवी आली, दुसरं काय!

डेव्हिड जेम्स यांची पाठ टीव्हीचा रिमोट घेताना लचकली. रिचर्ड राइट पोटमाळ्यावर बॅगा ठेवताना खाली आले आणि खांदा दुखावून बसले. हेच राइट २००६ मध्ये चेल्सीच्या मैदानावर सामन्याआधी सराव करत होते. गोलसमोर एक पाटी होती: इथे सराव करू नये. राइट त्या पाटीला अडखळून पडले, घोटा दुखावला आणि सामना हुकला. पाटी लावणाऱ्याचा हेतू गवत वाचवण्याचा होता. गवत वाचलं.

७. एक चूक करा, सगळ्या देशानं पाहावी अशी.

या पायरीला पर्याय नाही. शंभर चेंडू अडवलेत तर कुणी वहीत लिहून ठेवत नाही, म्हणून नाव व्हायचं तर एक सोडावा लागतो. २१ नोव्हेंबर २००७, वेम्बली, पाऊस. युरो स्पर्धेत जायला इंग्लंडला फक्त बरोबरी हवी होती. बावीस वर्षांच्या स्कॉट कार्सनला प्रशिक्षकांनी याच सामन्यात उतरवला. आठव्या मिनिटाला क्रोएशियाच्या क्रान्यचारनं लांबून मारलेला चेंडू कार्सनपुढे टप्पा घेऊन त्याच्या हातून निसटला. इंग्लंड २-३ हरलं आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लॅरन यांची नोकरी गेली. बावीस वर्षांच्या पोरावर एवढा भार टाकणाऱ्यांना कुणी चिखलात उभं केलं नाही, असं आमचं मत आहे, पण ते अभ्यासक्रमाबाहेरचं.

८. बाकावर बसण्याचं शास्त्र.

पाठ ताठ. चेहऱ्यावर आतुरता, पण अति नको, आत खेळणाऱ्याला ती दिसते. हाच कार्सन लीड्स, लिव्हरपूल, चार्ल्टन, वेस्ट ब्रॉम, तुर्कस्तानातलं बुर्सा, विगन, डर्बी असा फिरत शेवटी मँचेस्टर सिटीचा तिसरा गोलकीपर झाला. त्याच्याकडे आज चॅम्पियन्स लीगची दोन पदकं आहेत: २००५ चं लिव्हरपूलबरोबरचं, २०२३ चं सिटीबरोबरचं. दोन्ही अंतिम सामने त्यानं मैदानाबाहेरून पाहिले. मोठमोठ्या गोलकीपरांचे कपडे चिखलानं भरतात आणि हाती काही लागत नाही. याची इस्त्री मोडली नाही.

पोटमाळ्याचे राइट याहून पुढे गेले. २०१२ ते २०१६ अशी चार वर्षं ते सिटीत होते आणि पहिल्या संघाकडून एकही सामना खेळले नाहीत. मग क्लबानं त्यांना प्रशिक्षकांत घेतलं. चार वर्षांत ज्याच्याकडून एकही गोल गेला नाही, त्याच्यापेक्षा लायक माणूस कुठे मिळणार?

९. बाकावर खाणं जपून.

२० फेब्रुवारी २०१७ ला सटन युनायटेड हा छोटा क्लब एफए कपमध्ये आर्सेनलविरुद्ध खेळत होता. पंचेचाळीस वर्षांचे वेन शॉ राखीव गोलकीपरही होते आणि गोलकीपरांचे प्रशिक्षकही. सामना संपत आला, बदली खेळाडू उतरवून झाले, तेव्हा त्यांनी बाकावर बसून पाय खाल्ला. (पाय म्हणजे सारण भरलेला तो विलायती पदार्थ, पाया नव्हे.) घोटाळा असा की, ते पाय खातील का यावर एका सट्टा कंपनीनं आधीच एकास आठचा भाव लावला होता आणि शॉ यांना ते ठाऊक होतं. नोकरी गेली. शिवाय ३७५ पौंड दंड आणि दोन महिन्यांची बंदी.

यातला खरा विनोद जाहिरातीत आहे. त्या सामन्यासाठी सटनच्या जर्सीवर झळकत होती तीच सट्टा कंपनी. तिला कुणी बाकावरून उठवलं नाही. तुम्ही आपली डब्यात पोळीभाजी न्या.

१०. नियम बदलला तर कुरकुर नको.

१९९२ पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही. वीस वर्षं हातांवर पोट भरलेल्या माणसांना एका उन्हाळ्यात पाय शोधावे लागले. बरिज तेव्हा चाळिशीत होते. शोधले त्यांनीही.

११. आता प्रशिक्षक व्हा.

अर्ज करायची गरज नाही. एक दिवस तुम्हाला शंकू मांडायला सांगतील, मग कळेल की बढती झाली. काम सोपं आहे: मैदानाच्या पार टोकाला, मुख्य प्रशिक्षकाच्या नजरेआड, तीन पोरांना तासन् तास चेंडू मारत राहायचं. सुरुवातीच्या पिढ्यांना तेही नव्हतं. गोलकीपरला वेगळं शिकवायचं असतं हेच कुणाच्या गावी नव्हतं. शेफील्ड युनायटेडचे जुने गोलकीपर ॲलन हॉजकिन्सन यांनी हे काम पेशा म्हणून उभं केलं. डेन्मार्कच्या श्मायकलला घ्या, असं ॲलेक्स फर्ग्युसनना सांगणाऱ्यांत ते होते. १९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला ५ लाख ५ हजार पौंडांना घेतलं. पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे, हॉजकिन्सन यांचं नाव सोडून.

मुख्य प्रशिक्षकाला काढलं की तुमचंही सामान बांधून ठेवा. डिकी रिकामी असेलच.

मात्र एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून: हातमोजे उतरवल्यावर बरिज पार खचले. उपचार घ्यावे लागले. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात ते लिहिलं आहे. या पायरीची तयारी कुठलाच क्लब करून घेत नाही. ती आधीपासून करा, फळं झेलताना जमलं तर तेव्हाच.

१२. देशाबाहेर पडा.

तिथे तुमची जुनी कीर्ती अजून पोचलेली नसते, किंवा फक्त चांगली तेवढी पोचलेली असते. डेव्हिड जेम्स २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे आले, मुख्य प्रशिक्षक आणि गोलकीपर अशा दोन्ही जागांवर. स्वतःला संघातून वगळण्याचा अधिकार असलेला गोलकीपर तुम्ही क्वचितच पाहाल. त्यांनी तो अर्थातच जपून वापरला. संघ थेट अंतिम फेरीत गेला. २० डिसेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोलकात्याच्या महंमद रफीकनं भरपाई वेळेत डोक्यानं गोल केला आणि सामना गेला. यात सोय अशी की प्रशिक्षकानं गोलकीपरला काय सुनावलं हे बाहेर फुटायची भीती नाही.

बरिज ओमानला गेले. तिथे त्यांना अली अल-हब्सी नावाचा उंच पोरगा दिसला. विमानतळाच्या अग्निशमन दलात नोकरीला होता. गुरुजींनी त्याला घडवला. तो नॉर्वेत गेला, तिथून २००६ मध्ये बोल्टनला आला आणि प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला ओमानी ठरला. पुढे विगनचा गोलकीपर झाला. २०१३ साली विगन एफए कपच्या अंतिम फेरीत पोचलं, वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला १-० हरवून कप जिंकलं. विगनच्या गोलमध्ये त्या दिवशी स्पेनचा होएल रोब्लेस होता.

अल-हब्सी बाकावर होता. पायरी आठ त्याला पूर्ण येत होती.