रेकॉर्डेबल सीडीबाईंना अनावृत पत्र

श्रीमती रेकॉर्डेबल सीडीबाई यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

१९८८ साली जपानमधल्या ताइयो युदेन कंपनीने आपल्याला घडवले आणि पुढे आपण घरोघरच्या कपाटांत विराजमान झालात. येताना शंभर वर्षे टिकण्याचा शब्दही घेऊन आलात. एवढ्या थोर आश्वासनाबद्दल आधी आपले आभार मानले पाहिजेत.

माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही आपल्याच पदरात घातल्या. कॅसेटवरून त्या आपल्यावर उतरवून देणारा दुकानदार म्हणाला होता, "आता कॅसेट टाकून दिलीत तरी चालेल." मावशी गेली. त्यानंतर एकदा सीडी लावली, तर पहिल्या काही ओव्या स्वच्छ वाजल्या, मग नुसती करकर आणि मग काहीच नाही. आपण आतून बाहेर लिहिल्या जाता आणि बिघाड बहुधा कडेकडून शिरतो. त्यामुळे मावशीने शेवटी गायलेल्या, भावाच्या ओव्या आपण सर्वांत आधी गिळल्यात. आपल्या या निवडीला काय म्हणावे?

आपल्या सोशिकपणाला तर तोड नाही. कॅसेट म्हातारी झाली की खरखरते, आवाज दबतो, तरी माणूस ओळखू येतो. आपण मात्र चुका आतल्या आत सावरत राहता, वरून काही कळू देत नाही आणि सावरण्याची ताकद संपली की एकाएकी मौन धरता. दुखणे वेळेवर कळले असते तर आम्ही दुसरी प्रत तरी केली असती, बाई!

आपल्या अंगकांतीचे कौतुक राहिलेच. कारखान्यात छापलेल्या सीडीत खळगे ठशाने उठवलेले असतात. आपल्यात असतो सेंद्रिय रंगाचा पातळ थर आणि लेझरने त्यावर उमटवलेल्या खुणा. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी विटतो. अशा नाजूक प्रकृतीने आपण विदर्भाचा उन्हाळा आणि कोकणचा पावसाळा अंगावर घेतलात, केवढे हे धाडस! लेझर जाते त्या बाजूला जाड प्लास्टिकचे कवच, आणि ज्या बाजूला आम्ही प्रेमाने नाव लिहावे तिथे मात्र धातूवर फक्त लॅकरचा पापुद्रा. बॉलपेनची टोकदार रेघ किंवा चिकट लेबल, दोन्हीने तो दुखावतो. सोन्याचा परावर्तक थर असलेल्या आपल्या बहिणी अधिक टिकाऊ. पण त्या महाग, म्हणून आमच्या वाट्याला आपणच आलात.

आणि हो, आता नव्या लॅपटॉपला आपल्यासाठी खाचच नसते. म्हणजे आपण धडधाकट असलात तरी आपल्याला ऐकायचे कुठे, हाही प्रश्न आपण सोडवून टाकलात.

आपल्यापेक्षा कितीतरी जुन्या लाखेच्या तबकड्या पाहा. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात भारतभरच्या बोली ध्वनिमुद्रित झाल्या. ते आवाज आजही ऐकू येतात, कारण कुणीतरी त्या तबकड्या जपल्या आणि वेळेवर नव्या माध्यमात उतरवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या खजिन्यातल्या ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, तेही अशाच माणसांमुळे. माझी मावशी त्या संग्रहात नाही. ती फक्त आपल्याकडे होती.

तेव्हा बाई, आता रजा घ्या. आपल्या जागी बसायला पेनड्राइव्ह टपलेला आहे. पण तोही वर्षानुवर्षे पडून राहिला की त्यातला विद्युतभार झिरपतो आणि आवाज जातो. हार्ड डिस्क आहे, तीही एके दिवशी फिरायची थांबते. आपल्या कुळात कुणावर एकट्यावर विसंबावे असे कुणीच नाही, एवढे शिकवलेत, त्याबद्दल मात्र मनापासून आभार.

कळावे,
मावशीची भाची

ता. क. वाचकहो, हे तुमच्यासाठी. घरातली ध्वनिमुद्रणे या महिन्यातच उतरवून घ्या. एमपी३ नको, वेव्ह फाइल करा: २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, निदान ४८ तरी. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर; त्यांतली एक दुसऱ्या गावी, भावाबहिणीकडे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदवून ठेवा, म्हणजे एक बिट बदलला तरी कळेल. वर्षातून एकदा तपासा आणि माध्यम जुने होण्याआधीच नव्यावर हलवा. आणि दुकानदार काहीही म्हणो, मूळ कॅसेट टाकून देऊ नका.