मोटार कोण चालू करतंय?

(उंब्रज. महामार्गाच्या सेवारस्त्याकडेला मोटार रिवायंडिंगचं दुकान. बागायतदार मोबाईल स्टार्टरचा डबा टेबलावर आपटतो.)

बागायतदार : ह्यातलं भूत काढ आधी. रात्री लाईट आली की मोटार आपोआप चालू. सकाळी विहिरीचा तळ दिसतूय. भावाचंच काम, दुसरं कोण?

मेकॅनिक : पाणी कुणाच्या उसात गेलं, तात्या?

बागायतदार : माझ्याच.

मेकॅनिक : मग भाऊ लई गुणाचा म्हणायचा.

बागायतदार : आरं, पाळी त्याची हुती! आता मलाच चोर म्हणतुय.

मेकॅनिक : थांबा, यादीत नंबर कुणाकुणाचे हायत बघू. पहिला माझा.

बागायतदार : तुझा कशाला?

मेकॅनिक : टेस्टिंगला टाकलेला. मी बसवलेल्या समद्या डब्यांत हाय.

बागायतदार : म्हंजी मनात आणलंस तर अख्ख्या शिवाराला पाणी पाजशील?

मेकॅनिक : लाईट असली तर. दुसरा तुमचा, तिसरा भावाचा, चौथा पुण्याच्या पोराचा, पाचवा जावयाचा...

बागायतदार : त्यो मानाचा. जावई कधी फोन लावत न्हाईत.

मेकॅनिक : सहावा गड्याचा.

बागायतदार : गडी दिवाळीतच काम सोडून गेला की!

मेकॅनिक : गडी गेला, नंबर ऱ्हायला. डब्याला माणूस कळत न्हाय, नंबर कळतो. पासवर्ड काय ठेवलाय?

बागायतदार : तूच दिलेला. 1234.

मेकॅनिक : (घाईनं) 2016 साली मिराय नावाचा व्हायरस आलावता. कारखान्यातनं येणाऱ्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या त्याला पाठ. तेवढ्यावर लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले अन् ऑक्टोबरात अमेरिकेतलं ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पाडलं.

बागायतदार : माझ्या मोटारीनं अमेरिका बंद पडंल?

मेकॅनिक : छ्या! हिच्यात नुसतं सिम हाय. तुमच्या गोठ्यावरचा कॅमेरा पाडंल एखादवेळी.

बागायतदार : त्योबी तूच बसवलायस!

मेकॅनिक : नव्या यंत्रणेत नुसत्या नंबर-पासवर्डावर भरवसा नसतो. कोण आलाय, कशाला आलाय, दरखेपेला तपासायचं. वागणूक बिघडली की भरवसा कमी.

बागायतदार : पतसंस्थेवानी. हप्ता चुकला की नमस्कारबी घेत न्हाईत.

मेकॅनिक : भावाला सोमवार ते बुधवार, तुम्हाला गुरुवारपासनं, असं वारावर बांधून देता येतं.

बागायतदार : आज्यानं विहीर पाडली तवाच ठरलंय ते. डब्याला कुणी सांगितलं न्हाय.

मेकॅनिक : ह्या मॉडेलला वार कळत न्हाय. बरं, हा सातवा कुणाचा?

बागायतदार : माझाच जुना. रिचार्ज मारला न्हाय, बंद पडला.

मेकॅनिक : बंद नंबर 90 दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, तात्या. लावून बघू. (स्पीकर चालू करतो.)

फोनवरचा आवाज : कोन बोलून राह्यलं? इकडं नागपूर हाय.

मेकॅनिक : उंब्रजवरनं, मोटारीच्या दुकानातनं बोलतोय.

आवाज : मोटारवाले तुम्हीच का? रात्री-बेरात्री एक बाई फोन करते, 'थ्री फेज आली आहे' म्हनते अन् ठेवते. मी उलटून लावतो तं उचलत नाही, कट करते. बायको माहेरी जाऊन बसली ना माझी!

मेकॅनिक : (हळूच) ह्यांच्या मिसकॉलवर मोटार चालू व्हतीया.

बागायतदार : पाव्हणं, ती बाई माझी हाय. म्हंजी माझ्या मोटारीची.

आवाज : मंग हेच माझ्या सासऱ्याले सांगा. नंबर देतो, घ्या लिहून.

बागायतदार : सांगतो की. पन आधी तुमी माझ्या भावाला सांगा, त्यो भाईर उभाच हाय.