बहात्तर तासांची उकळी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एखाद्या कारखान्यात काही काळ उमेदवारी करावी, हा विद्यापीठांचा दंडक अत्यंत स्तुत्य होय. कारण सत्य कसे तपासावे हे ग्रंथ शिकवितात, आणि ते दप्तरी कसे दाखल करावे हे कारखाना शिकवितो. हरियाणातील यमुनानगर प्लायवुडसाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या शेतांतील पॉपलर व निलगिरीचे ओंडके तेथे सोलले जातात, आणि ते पातळ पापुद्रे उभेआडवे रचून, मध्ये राळ लावून, उष्ण दाबाखाली एकजीव केले जातात. अशा कोणत्याही कारखान्याच्या गुणवत्ता-विभागात रुजू झालेल्या उमेदवाराला भारतीय मानक ७१० प्रथम वाचावयास मिळते, ज्याच्या हुकमाबरहुकूम सागरी प्लायवुडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून, मग सुरीने पदर उकलून सांधा शाबूत आहे की नाही, हे पाहावयाचे असते.

परंतु मालमोटार ७२ तास थांबत नाही. सबब, नमुना उकळत असतानाच त्याच्या उत्तीर्णतेचा दाखला मालासोबत रवाना होतो, आणि पुढे पदर सुटलेच, तर कसूर नमुन्याची, मालाची नव्हे, असा शेरा नोंदवहीत पडतो. प्रारंभी हरकत घेणारा उमेदवार अखेरीस मागील तारीख घालण्यात निष्णात होतो, आणि महाविद्यालय त्याला उत्तम श्रेणी बहाल करते.

वाचकहो, कपाट घेताना मानकाचा शिक्का अवश्य पाहावा, आणि पावसाळा संपेपर्यंत पावतीही जपून ठेवावी.